कर्ता कोठे गेला?

वाचकहो, दिवाळीच्या फराळाबरोबर पानात व्याकरण वाढणे हा अगोचरपणाच आहे. पण ज्या वाक्याशी मला भांडायचे आहे ते आताशा कचेरी सोडून आपल्या ओसरीवर येऊन बसले आहे. परवाच एका शुभेच्छापत्रात वाचले, 'आपणांस दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा देण्यात येत आहेत.' कोण देतो आहे बाबा? खाली तर तुझे नाव छापले आहे!

'सर्वांना कळविण्यात येते की', 'निर्णय घेण्यात आला', 'त्याच्याकडून पत्र लिहिले गेले', ही सगळी एकाच कुळातली मंडळी. इंग्रजीत कर्त्याला मागे सारून कर्माला पुढे बसवण्याची जी सोय आहे, जिला आपण शाळेत पॅसिव्ह व्हॉइस म्हणून घोकले, तिची ही मराठी पिलावळ. हा माझा कुत्सित तर्क नव्हे. आपली शालेय व्याकरणेच 'रावण रामाकडून मारला गेला' अशा वाक्याला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात आणि ही तऱ्हा इंग्रजीच्या वळणावर गेलेली आहे, असे सांगून मोकळी होतात. 'करण्यात येते' हे तिचेच कचेरीत वाढलेले धाकटे भावंड, हे मात्र माझे मत.

आता या 'कडून'चीच गंमत पाहा. मराठीत 'कडून' येते ते एकाने दुसऱ्याला कामाला लावले म्हणजे. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राजव्यवहारकोश करवून घेतला. आई पोराकडून पाढे म्हणवून घेते. करविता एक, करणारा दुसरा. या कानाने 'रावण रामाकडून मारला गेला' ऐकले, तर मागे कोणी तरी सुपारी देणारा उभा असावा असा संशय येतो. बिचाऱ्या प्रभू रामचंद्रांवर केवढा हा आळ!

आणि आपल्याला कर्मणी हवाच असेल तर तो घरात आहे. 'रामाने लंका जिंकली.' क्रियापद लंकेच्या लिंगाने चालले, म्हणजे हा कर्मणीच झाला. पण राम आपल्या जागेवरून तसूभर हलला नाही. कर्माला मान देऊनही कर्त्याला पाटावरून उठवायचे नाही, ही मराठीची रीत.

कोणी विद्वान म्हणतील, जुन्या मराठीत कर्ता न सांगता बोलण्याची सोय नव्हती काय? होती तर! 'कीजे', 'म्हणिजे' ही ज्ञानदेवांच्या काळची रूपे. व्याकरणकार त्यांना पुराण कर्मणी म्हणतात. आज आपण उठल्यासुटल्या जे 'म्हणजे' आणि 'पाहिजे' म्हणतो, ती त्याच घराण्याची राहिलेली नातवंडे. 'असे म्हणतात' यातही म्हणणारा कोण ते आपण सांगत नाही. माझी तक्रार त्याबद्दल नाही. जगात कर्ता ठाऊक नसतोच अशी प्रकरणे पुष्कळ आहेत. माझी तक्रार आहे ती कर्ता पक्का ठाऊक असताना त्याला पडद्याआड नेणाऱ्या वाक्याबद्दल.

लपवाछपवी मराठीलाही अगदीच परकी नाही. पोर धावत येऊन सांगते, 'आई, बशी फुटली!' आई चुलीपासून मान न वळवता विचारते, 'फुटली, की फोडलीस?' एवढ्याशा फरकात खटला निकालात निघतो. फुटणे-फोडणे, पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे अशा जोड्या भाषेने ठेवल्या आहेत त्या उगाच नव्हेत. मोठ्या माणसाला चूक सौम्य करून सांगायची असली, तर 'माझ्या हातून झाले' म्हणायची सोय आहे. हेतू नव्हता एवढे त्यात सांगून होते, पण हात कोणाचा ते लपत नाही. उलट 'बशी फोडण्यात आली' या वाक्याला कोणती आई काय विचारणार?

शब्दांच्या सोवळ्याओवळ्याचे मला फारसे अगत्य नाही. आमचा धाराशिव जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चाले. दरखास्त, फिर्याद, बंदोबस्त हे शब्द आमच्या आजोबा-पणजोबांच्या जिभेवर खेळले. पण ते म्हणत, 'मी दरखास्त दिली, तहसीलदाराने ती फेटाळली.' शब्द फारसीतून आले, घराचे वासे मराठीच राहिले. पाहुणा कितीही दिवस राहो, तो आढे बदलत नाही. आज शब्द सगळे संस्कृतप्रचुर, सोवळ्यातले आणि आढे मात्र बदललेले! २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले, पाट्या नव्या लागल्या. पाटीखालच्या सूचनेतले 'करण्यात येते' जसेच्या तसे आहे.

याच जिल्ह्यात तेर आहे, गोरोबाकाकांचे. त्यांची कथा घराघरांत ठाऊक आहे. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवता तुडवता काकांनी स्वतःचे पोर तुडवले. काकांवर जीव टाकणारी म्हातारी माणसेही हे असेच सांगतात. आजच्या मराठीत ही कथा कशी होईल? 'गोरोबांकडून अनवधानाने बालक तुडवले गेले.' झाले, महासंताची चौकशी समितीपुढची जबानी तयार! त्या कथेचा सगळा घाव 'काकांनी' या एका शब्दात आहे. तो काढा, मग ना शोक उरतो, ना पुढचे प्रायश्चित्त. संतांच्या डोक्यांवर थापटणे मारून कोणते मडके कच्चे ते सांगणारे हे काका. त्यांनी आपल्या एखाद्या परिपत्रकावर ते मारून पाहावे, एवढीच माझी इच्छा.

हा निव्वळ कानाचा शौक असता तर मी गप्प बसलो असतो. पण २०२५ च्या सप्टेंबरात परंडा आणि भूमच्या शिवारांत पूर आला, पिके गेली, जनावरे गेली, कित्येकांच्या जमिनीची माती खरडून गेली. अशा आपत्तीत सापडलेल्या माणसाच्या हाती 'आपला अर्ज नामंजूर करण्यात आला आहे' असा कागद पडतो तेव्हा काय होते, याचा विचार करा. त्याला भांडायचे आहे, निदान विचारायचे आहे, पण कोणाला? वाक्यात माणूसच नाही. 'अमुक अधिकाऱ्याने अर्ज नामंजूर केला' असे लिहिले असते, तर त्याला एक नाव, एक दार, एक खुर्ची तरी मिळाली असती. लिहिणाराही मग सही करण्यापूर्वी क्षणभर थबकला असता.

कोणी म्हणेल, शासकीय भाषेला गांभीर्य लागते. लागू द्या. गावच्या फळ्यावर लिहिलेले असते, 'तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा बंद ठेवण्यात आला आहे.' त्याऐवजी खडूने एवढेच लिहिले तर कोणते गांभीर्य ढळते? 'विहिरीवरची मोटार जळाली. सरपंच आणि ग्रामसेवक ती दुरुस्त करून आणतील. शनिवारी सकाळी पाणी न आल्यास त्यांना विचारा.'