दिसतीलच ना?



फेब्रुवारी लागला की आमच्या चिपळूणच्या घरी ठरावीक फोन येऊ लागतात. कधी पुण्याहून भाची, कधी ठाण्याहून पुतण्या, कधी डोंबिवलीचे कुणी लांबचे मेहुणे. विषय एकच. "काका, मुलांना कासवाची पिल्लं दाखवायची आहेत. शनिवारी पहाटे निघतो, गुहागर करून रविवारी रात्री परत. दिसतीलच ना?"

या शेवटच्या दोन शब्दांबद्दल मला आज लिहायचं आहे. येणाऱ्यांनी जरूर यावं, पण हा प्रश्न घरी ठेवून यावं, असं माझं मत आहे. त्यामागे कारणं आहेत, ती सांगतो.

आधी कासवाचं वेळापत्रक बघू. कोकण किनाऱ्यावर येणारी ही ऑलिव्ह रिडले जातीची कासवं. मादी साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पुन्हा वळूनही बघत नाही. पूर्वी ही अंडी कुत्री, कोल्हे खायचे आणि माणसंही उचलून न्यायची. आता वन विभागाच्या देखरेखीखाली गावोगावचे कासवमित्र पहाटे किनारा तुडवतात, मादीच्या पावलांचा माग काढतात, अंडी अलगद उचलून कुंपणातल्या सुरक्षित वाळूत पुन्हा पुरतात. वाळूच्या उबेनं ४५ ते ६० दिवसांत पिल्लं बाहेर येतात. ती मोजून, नोंद करून सकाळी किंवा संध्याकाळी समुद्राकडे सोडली जातात.

आता गंमत बघा. रेल्वेचं आरक्षण हल्ली ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही कोकणकन्येचं तिकीट काढता, त्या दिवशी तुम्हाला जे पिल्लू बघायचं आहे त्याचं अंडं कदाचित घातलंही गेलेलं नसतं! ती मादी अजून भर समुद्रात असते. मग मी फोनवर कुणाच्या भरवशावर सांगू की "हो, दिसतील"?

आणि ती मादी तरी कुठली? ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये एका मादीच्या पायाला क्रमांकाचा बिल्ला लावला होता. तीच मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. भारताला वळसा घालून साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिम किनाऱ्याची वेगळी, असं इतकी वर्षं धरून चाललेल्या अभ्यासकांनाही तिनं पुन्हा विचार करायला लावलं. जी अभ्यासकांना विचारून येत नाही, ती आपल्या शनिवार-रविवारला विचारून येईल का?

यावर आमचा पुतण्या म्हणतो, "काका, तुमचं पटतं हो, पण एवढे पैसे खर्चून, घाटातून मुलांना ओकाऱ्या काढत आणायचं आणि काहीच दिसलं नाही तर?" प्रश्न रास्त आहे, म्हणून सरळ उत्तर देतो.

गिऱ्हाइकानं हमी मागितली की कुणीतरी ती द्यायला तयार होतं. वाघाच्या जंगलात जे होतं ते आपण ऐकतोच. एक वाघ आणि भोवती पंचवीस जीपगाड्या. कासवाच्या बाबतीत हमी देण्याची युक्ती त्याहून सोपी आहे. पहाटे निघालेली पिल्लं टोपलीत किंवा टबात ठेवून द्यायची, आणि पाहुण्यांचा चहा-नाष्टा आटोपला की सोडायची. पाहुणे खूश, फोटो छान. पण पिल्लाचं काय? अंड्यातून बाहेर पडताना त्याच्या पोटात बलकाचा थोडासा साठा असतो. तेवढीच त्याची शिदोरी. तिच्या जोरावर ते लाटा ओलांडून खोल पाण्याकडे न थांबता पोहत सुटतं. ते टबात ताटकळत राहिलं, भिंतींना धडका देत राहिलं, की शिदोरी तिथेच संपायला लागते. मग समुद्रात गेल्यावर दम कुठून आणणार? आधीच म्हणतात की हजारांतलं एखादं पिल्लू मोठं होतं. त्यातलं ते एखादं आपल्या "दिसतीलच ना?" पायी टबात दमलं, तर पाप कुणाचं?

आपल्याकडचे कासवमित्र असं करतात, असा याचा अर्थ मुळीच घेऊ नका. थंडीत पहाटे चारला उठून वाळू तुडवणारी ही मुलं आहेत, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण दोनशे माणसं कुंपणाशी उभी राहून "कधी सोडणार? आम्हाला परत जायचंय" असा धोशा लावतात तेव्हा त्या मुलांवर किती दडपण येत असेल, याचा विचार करा. नियम त्यांनी पाळायचे आणि घाई आपण करायची, हे बरोबर नाही.

दुसरी बाजूही आहे, ती लपवणार नाही. पर्यटक आले म्हणूनच कासवं वाचली, असं म्हणणारे लोक आहेत आणि त्यांचं बरंचसं खरं आहे. मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा. चिपळूणच्याच सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ मध्ये तिथे कासवांची अंडी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरवला. पाहुणे गावातल्या घरांतून राहू लागले, घरचं जेवण जेवू लागले, चार पैसे गावात आले. अंडी विकण्यापेक्षा ती राखण्यात गावाचा फायदा आहे, हे भाषणांनी पटलं नसतं, ते त्या जेवणांच्या ताटांनी पटलं. मग पिल्लं दिसण्याची खात्री नाही म्हणून लोक यायचे थांबले तर नुकसान कुणाचं? कासवांचंच.

म्हणून माझं म्हणणं आहे की या, पण राहायला या. धावत येऊन धावत परतणारा माणूस गावाला देतो काय? गाडी उभी करण्याचे पैसे आणि रिकाम्या बाटल्या. तीन रात्री राहणारा माणूस कितीतरी जास्त देतो, आणि त्याला स्वतःलाही जास्त मिळतं. हिशेब मास्तरांच्या पद्धतीनं फळ्यावर मांडतो.

पहिली रात्र चिपळूणला. इथेच लोक चुकतात. आमचं शहर म्हणजे त्यांना पेट्रोल भरायचं आणि वडापाव खायचं ठिकाण वाटतं. अहो, इथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची स्थापना १८६४ सालची आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात शहर बुडालं तेव्हा तिथेही पाणी शिरलं आणि असंख्य पुस्तकांचा लगदा झाला. त्यातून ग्रंथालय पुन्हा उभं राहिलं आहे. २०१३ चं साहित्य संमेलन याच गावात झालं. मुलांना तिथे तासभर न्या. संध्याकाळी परशुरामाच्या डोंगरावर जा. खाली वाशिष्ठी वळणं घेत खाडीकडे जाताना दिसते. परशुरामानं समुद्र मागे हटवून ही भूमी मिळवली ही कथा तिथे उभं राहून सांगायला जितकी मजा येते, तितकी वर्गात कधी आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वाशिष्ठीतल्या मगरी. हो, मगरी! कोयनेचं पाणी वीज तयार करून झाल्यावर आमच्या नदीत सोडतात, त्यामुळे भर उन्हाळ्यातही ती कोरडी पडत नाही. मगरींचं बस्तान उत्तम आहे. २०२४ च्या पावसाळ्यात तर एक मगर चिपळूणच्या रस्त्यावरून चालत निघाली होती, ते चित्रण तुम्ही व्हॉट्सॲपवर पाहिलं असेलच. गोवळकोटच्या बाजूला खाडीत होडीतून मगरी बघायला लोक जातात. आधी चौकशी करून ठरवा आणि ओहोटीची वेळ गाठा, कारण पाणी उतरलं की चिखलाच्या काठावर त्या ऊन खात पडलेल्या असतात.

ओहोटी कशी काढायची? त्याला ॲप लागत नाही, कालनिर्णय पुरतं. तिथीला तीननं गुणा आणि चारनं भागा, भरतीची वेळ आली. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, नऊच्या सुमारास ओहोटी. खाडीत आत थोडा उशीर धरायचा. वद्य पक्षातही हाच हिशेब. आमच्याकडच्या कोळ्यांना आणि खारव्यांना हे तोंडपाठ असतं. नातवंडांना करायला द्या, अपूर्णांकांची उजळणी होईल.

मग दुपारी गुहागरला निघा. साधारण ४५ किलोमीटर. तिथे दोन रात्री राहा. व्याडेश्वराचं आणि दुर्गादेवीचं दर्शन घ्या, सुरूच्या बनातून लांबच लांब किनाऱ्यावर चाला. आता मोजा. पहिली संध्याकाळ, दुसरी सकाळ, दुसरी संध्याकाळ आणि निघायच्या दिवशीची सकाळ. पिल्लं सोडण्याच्या चार वेळा तुमच्या पदरात पडल्या. शनिवारी दुपारी पोचून रविवारी सकाळी गाडीत सामान भरणाऱ्याला जेमतेम एक-दोन मिळतात. म्हणजे ज्यानं हमी मागितली नाही, त्याचीच शक्यता जास्त! आणि चारही वेळा पिल्लं निघाली नाहीत, तरी नदी, मगरी, ग्रंथालय, डोंगर आणि समुद्र एवढं गाठीला असतंच. सहल फुकट गेली असं कोण म्हणेल?

महिना म्हणाल तर मार्च आणि एप्रिल चांगले. नाताळच्या सुट्टीत येणाऱ्यांना पिल्लं मिळणं कठीण, कारण तेव्हा अंडी घालण्याचाच हंगाम नुकता सुरू झालेला असतो. मे महिन्यात पिल्लांचा हंगाम आटोपत आलेला असतो. परदेशातून येणाऱ्या मंडळींनी हे खास लक्षात ठेवावं. शनिवार-रविवार टाळा. "मग शाळेचं काय?" असं भाची विचारते. ज्यानं आयुष्यभर गैरहजेरीच्या चिठ्ठ्या वाचल्या, तो माणूस सांगतो आहे की परीक्षा सांभाळून दोन दिवस खुशाल दांडी मारा. फक्त चिठ्ठीत "तापामुळे" असं खोटं लिहू नका. "कासव बघायला गेलो होतो" असं खरं लिहा. वर्गशिक्षक शहाणे असतील तर परत आल्यावर मुलाला वर्गापुढे उभं करून सगळं सांगायला लावतील.

किनाऱ्यावर मुलांना दोनच गोष्टी सांगून ठेवा. पिल्लाला हात लावायचा नाही, ते वाळूवरून स्वतःच्या पायांनी जाईल. आणि अंधारात विजेरी किंवा मोबाईलचा उजेड समुद्रकाठी पाडायचा नाही. पिल्लं क्षितिजावरच्या उजेडाच्या रोखानं जातात आणि आपल्या दिव्यामुळे उलटी जमिनीकडे वळतात. गाडी वाळूवर घालायची नाही हे मोठ्यांना सांगायची गरज पडू नये, पण पडते.

आपल्या मुलांना हल्ली सगळं मागितल्याबरोबर मिळतं. खाणं दहा मिनिटांत दारात, सिनेमा बोटाच्या टोकावर. वाट बघणं हा धडा कुठल्याच पुस्तकात उरलेला नाही. त्या कुंपणाशी उकिडवं बसून, वाळू हलते का हे बघत काढलेला अर्धा तास हा तो धडा आहे. वाळू हलली तर आनंद आहेच. नाही हलली तर आपल्या इच्छेवर न चालणारंही काहीतरी जगात आहे, एवढं मुलाला कळेल. माझ्या मते हेही काही कमी नाही.

तेव्हा यंदा फोन करणाऱ्यांसाठी उत्तर इथेच लिहून ठेवतो. दिसतील की नाही, ठाऊक नाही. गाद्या घातलेल्या आहेत, कोकम सरबत तयार आहे. या.