कुंडलिकेचे पाणी कोणाच्या वेळेवर?

कोलाडजवळ कुंडलिका नदीतले राफ्टिंग धरणातून सकाळी सोडलेल्या पाण्यावर चालते. मुळशीचे पाणी भिरा येथे वीज तयार करून कुंडलिकेत उतरते. त्यावर स्थानिक तरुणांचा रोजगार उभा आहे. तो बंद करा, असे आम्ही म्हणत नाही.

पण काही तासांत पाणी चढून ओसरते, तेव्हा काठाच्या उथळ पाण्यातली माशांची आणि किड्यांची अंडी उघडी पडून सुकतात. मासळी घटली की पहिली झळ कातकरी कुटुंबांच्या ताटाला बसते.

तोल साधता येतो. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणातून २०१८ पासून काही उन्हाळे शनिवार-रविवारी पाणी कमी आणि स्थिर ठेवले गेले. किड्यांची अंडी ओली राहावीत, माशांना खाद्य मिळावे, हा हेतू. वीजनिर्मिती आणि बोटी दोन्ही चालू राहिल्या. कोलाडला गर्दी शनिवार-रविवारी असते. इथे असे स्थिर दिवस आठवड्याच्या मध्याला ठेवून पाहावेत.

याच जिल्ह्यात, महाडला, १९२७ साली बाबासाहेबांनी पाण्यावरचा समान हक्क बजावला. पाणी सोडण्याचे वेळापत्रक ठरते त्या बैठकीत कातकरी वाडीलाही जागा हवी.