वाट पाखरांना ठाऊक आहे, उतरायला जागा ग्रामसभेने राखावी

धारणी तालुक्यातील ग्रामसभांचे सदस्य, कास्तकार, शिक्षक आणि तरुण मंडळींना जाहीर आवाहन



२ ऑक्टोबरची ग्रामसभा जवळ आली आहे. घरकुल, रस्ता, रोजगार हमीची थकलेली मजुरी असे विषय पुढ्यात असताना कोणी पाखरांवर पत्रक काढतो, याचे हसू येईल. हसा, पण पुरते वाचा. पाखरांचे निमित्त आहे. विषय आपली रेती, आपले पाणी आणि आपल्या ग्रामसभेचा अधिकार हा आहे.

पावसाळा सरला की तापीच्या रेतीवर चक्रवाकाच्या जोड्या दिसू लागतात. सिपना आणि गडगेच्या दगडांवर करडा धोबी शेपटी खालीवर करत फिरतो. कुडाच्या भिंतीवर थिरथिरा येऊन बसतो. ज्वारी भरली की भोरड्यांचे थवे उतरतात आणि आपण डबे वाजवतो. वर्तमानपत्रांत याच दिवसांत ‘सायबेरियाचे पाहुणे दाखल’ असा ठरलेला मथळा येतो. तो बहुतेक वेळा चूक असतो. भोरडी येते मध्य आशियाच्या गवताळ माळांवरून, कझाकस्तानाकडून. वऱ्हाडातल्या मोठ्या तलावांवर दिसणारे पट्टकादंब मंगोलिया आणि तिबेटकडून हिमालय ओलांडतात. पाठीवर यंत्र बांधलेल्या पट्टकादंबांची ७,००० मीटरच्या वर नोंद झाली आहे. आपले गाविलगडाचे डोंगर त्यांच्या हिशेबात उंबरठासुद्धा नाहीत.

ही वाट त्यांना कळते कशी? जर्मनीत वोल्फगांग विल्टश्को यांनी १९६० च्या दशकात रॉबिन पक्षी बंद खोलीत ठेवून भोवतीचे चुंबकीय क्षेत्र वळवले, तशी पक्ष्यांनी आपली दिशा वळवली. आता संशोधकांचे लक्ष पक्ष्याच्या डोळ्यातल्या क्रिप्टोक्रोम नावाच्या प्रथिनावर आहे. पृथ्वीचे चुंबकत्व त्याला जाणवते, असे पुरावे मिळत आहेत. अमेरिकेत स्टीफन एम्लेन यांनी पिल्ले तारांगणाच्या घुमटाखाली वाढवली आणि खोटे आकाश ध्रुवाभोवती न फिरवता मृग नक्षत्रातल्या तांबड्या काक्षी ताऱ्याभोवती फिरवले. पिल्ले मोठी झाल्यावर काक्षीलाच उत्तर समजून उडू लागली. म्हणजे आकाशाचा नकाशा ती जन्मतः घेऊन येत नाहीत. कोणता तारा जागचा हलत नाही, एवढे पाहून दिशा शिकतात. यात सूर्याची जागा, नद्यांचे पट्टे, डोंगरांच्या रांगा आणि काही पक्ष्यांच्या बाबतीत वासही भर घालतो.

हे सगळे शाबूत आहे. तारे जागेवर आहेत, चुंबकत्व जागेवर आहे. गेली आहे ती उतरायची जागा, आणि ती तारांगणातून कोणी पळवली नाही. ट्रॅक्टरने नेली.

आता नेहमीचे उत्तर येईल : हवामान बदलले, त्याला आपण काय करणार? हवामान बदलले आहे, यात वाद नाही. नेदरलँड्समध्ये पाइड फ्लायकॅचर नावाचा चिमुकला पक्षी आफ्रिकेतून परततो. तिथला वसंत लवकर येऊ लागला, अळ्या लवकर निघू लागल्या आणि हा पोचेपर्यंत पिल्लांच्या तोंडचा घास संपू लागला. जिथे अळ्या सर्वांत आधी संपत, अशा काही जंगलांत त्याची संख्या दोन दशकांत सुमारे ९० टक्क्यांनी घटली. आफ्रिकेत बसून युरोपात वसंत कधी येईल हे त्याला कळायला मार्ग नाही. दिवस किती लांबला, एवढेच तो पाहतो. पण हे उदाहरण धारणीत बसून रेतीघाटाच्या बचावाला वापरता येणार नाही. तापीच्या पात्रातले खड्डे हवामानाने खणलेले नाहीत.

दुसरे उत्तर जास्त गोड असते : पाखरेच ती, इथे नाही तर दुसरीकडे जातील. जातील का? १९५० च्या दशकात पेरडेक या डच संशोधकाने हेग शहराजवळ वाटेवर असलेल्या ११ हजारांहून जास्त साळुंकी-वर्गीय पक्ष्यांना, म्हणजे आपल्या भोरडीच्या चुलत भावंडांना, पकडून विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडले. ज्या म्हाताऱ्या पक्ष्यांनी आधी प्रवास केला होता, त्यांनी वाट दुरुस्त केली आणि ते आपल्या नेहमीच्या मुक्कामाकडे वळले. पहिल्यांदाच निघालेली पिल्ले मात्र रक्तात असलेल्या त्याच दिशेने सरळ उडत राहिली आणि फ्रान्सच्या दक्षिणेला व स्पेनमध्ये जाऊन पडली. ‘दुसरीकडे जातील’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. वाट बदलायला जाणता पक्षी जिवंत राहावा लागतो, आणि दुसरीकडेही कोणीतरी जागा ठेवलेली असावी लागते.

पक्षी बदलतात, हेही खरे. मध्य युरोपातले काही ब्लॅककॅप पक्षी भूमध्य सागराकडे जायचे सोडून हिवाळ्यात ब्रिटनला जाऊ लागले आणि काही दशकांतच ही नवी दिशा त्यांच्या पिल्लांच्या रक्तात उतरली, असे पीटर बर्थोल्ड यांच्या प्रयोगांतून दिसले. पण ब्रिटनमध्ये लोक परसात पाखरांना दाणे टांगतात. खायला मिळाले म्हणून ते बदलले. आपल्याकडे शेततळी झाली, तळाशी प्लास्टिक. पाणी दिसते, चिखल नाही. चिखल नाही म्हणून किडे नाहीत, आणि तुतारी पक्षी अशा तळ्याच्या काठावर उतरून करणार काय?

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये सुरू झाली. मी तिच्या विरोधात नाही. गाळ वावरात पडला पाहिजे. पण जेसीबीवाला तलावाचे चारही काठ भिंतीसारखे उभे कापून जातो, तिथे नुकसान होते. बदके, तुतारी, चिखले हे पक्षी घोट्याएवढ्या नाहीतर पोटरीएवढ्या पाण्यात चरतात. खोल पाणी त्यांच्या कामाचे नाही. एक काठ उतरता ठेवला, तर गाळही निघतो, ढोरांना पाण्यावर जाता येते आणि पाखरांनाही. इंजिनिअरला हे सांगायला पैसा लागत नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचे. पाणथळ जागा वाचवायला देशात २०१७ चे नियम आहेत. त्यात पाणथळ कशाला म्हणू नये याचीही यादी दिली आहे. नदीचे पात्र त्यातून वगळले आहे. सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळले आहेत. पिण्याच्या पाण्यासाठी आणि मासेपालनासाठी बांधलेलेही वगळले आहेत. आता तुमच्या गावच्या शिवारात नजर फिरवा. बैरागडपासून हरिसालपर्यंत आपल्याकडे पाणी आहे ते एकतर नदीत, नाहीतर बांधलेल्या तलावात. लोणार सरोवराला २०२० मध्ये रामसर दर्जा मिळाला, आनंद आहे. पण धारणीत उतरणाऱ्या पाखराच्या पायाखालची बहुतेक जागा या कायद्याच्या नजरेला पाणथळच नाही. मुंबई-दिल्लीहून कोणी येऊन ती वाचवील, ही आशा सोडा.

मग कोण वाचवील? धारणी आणि चिखलदरा हे आपले दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीत आहेत. १९९६ चा पेसा कायदा इथे लागू आहे. गौण खनिजाचा परवाना किंवा लिलाव ग्रामसभेच्या किंवा पंचायतीच्या शिफारशीवाचून होऊ नये, असे त्यात लिहिले आहे. रेती हे गौण खनिज आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने वन्यजीव, जंगल, जैवविविधता आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती असावी आणि लोकांची नोंदवही असावी. ती नोंदवही कोणा एजन्सीने भरून कपाटात ठेवली असेल, तर बाहेर काढा आणि पाखरांचे पान उघडून पाहा. नावे दुसऱ्याच जिल्ह्यातली निघाली, तर नवल वाटू देऊ नका.

‘आधी माणसांचे बघा’ असे म्हणणाऱ्यांचा मला राग नाही. मेळघाटात हे वाक्य बोलायचा हक्क सगळ्यांना आहे. इथे लेकरे कुपोषणाने गेली आहेत. पण हिशेब नीट मांडा. पात्रातली रेती पाणी धरून ठेवते. ती उपसली की नदीकाठच्या विहिरी लवकर आटतात आणि झिऱ्यावर रात्री रांग लागते. ती रांग बायांची असते, रेतीवाल्याची नसते. डोहात कीटकनाशक ओतून मासे मारले, तर धोबी मरतो, ढोर मरते आणि तोच मासा कोणाच्या तरी ताटात जातो. कोणी कोणी अजून हे करतात, आणि त्यात आपलेही लोक आहेत हे झाकून काय उपयोग?

फवारणीचेही तसेच. १९९५-९६ च्या हंगामात अर्जेंटिनात स्वेन्सन्स हॉक नावाचे शिकारी पक्षी हजारोंनी मरून पडले. उत्तर अमेरिकेतून हिवाळ्यासाठी तिथे जाऊन ते शेतातले नाकतोडे खात. पाठीवर यंत्र बांधलेल्या पक्ष्यांच्या मागावर संशोधक तिथे पोचले, तेव्हा कारण निघाले मोनोक्रोटोफॉस. हा डबा वऱ्हाडातल्या कापूसवाल्या कास्तकाराला सांगावा लागत नाही. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन मजूर आणि कास्तकार मेले, तेव्हा ज्या औषधांची नावे आली त्यात हेही होते. अर्जेंटिनाने ते बंद केले, कारण मेलेले पक्षी मोजले गेले. आपल्या वावरांवरून हिवाळ्यात फिरणारे भोवत्ये हेच नाकतोडे खातात. त्यांची मोजणी कोण करतो?

भोरडीबद्दलही बोलले पाहिजे, कारण तिच्यावर कास्तकाराचा राग खरा आहे. भरलेल्या कणसांवर थवा बसला की नुकसान होते, हे कोणी पक्षीमित्राने नाकारू नये. पण हीच भोरडी विणीच्या दिवसांत टोळ आणि नाकतोड्यांवर पिल्ले वाढवते. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळ आवरायला १९८० च्या दशकापासून तिच्यासाठी दगडांचे ढीग रचून घरटी करून दिली आहेत. मे २०२० मध्ये आपल्याच जिल्ह्यात, मोर्शी-वरुडकडे टोळधाड उतरली, तेव्हा भोरड्या आपल्या मुलखात परत गेलेल्या होत्या. ज्वारी राखा, डबे वाजवा, बुजगावणी उभारा. धान्याला विष लावू नका, एवढेच मागणे आहे. शिवाय ज्वारीची जागा सोयाबीनने घेतल्यापासून जिथे थोडी ज्वारी उरली तिथेच सगळा थवा तुटून पडतो. पूर्वी तो गावभर वाटला जाई.

आणि गलोल? बाहेरचे लोक येतात आणि कोरकू पोराच्या हातातली गलोल पाहून भाषण देतात. गलोल ठेवावी, हे मीही म्हणतो. पण एका रात्रीत पात्रातून रेती नेणाऱ्या ट्रॅक्टरांवर जो बोलत नाही, त्याने पोराला पक्षीप्रेम शिकवू नये.

गाव काय करू शकते, याचा दाखला देशातच आहे. नागालँडच्या वोखा जिल्ह्यात पांगती नावाचे गाव आहे. तिथल्या दोयांग जलाशयावर दर ऑक्टोबरला अमूर ससाणे लाखोंनी थांबतात. मुठीएवढा पक्षी, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. हे खरोखरच सायबेरिया आणि उत्तर चीनकडून निघतात आणि भारताचा मधला पट्टा व अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आफ्रिकेकडे जातात. २०१२ मध्ये तिथे जाळी लावून एका हंगामात लाखाच्या वर ससाणे मारल्याचा अंदाज निघाला. देशभर ओरड झाली. पण बंद केले ते गावानेच. ग्राम परिषदांनी ठराव केला, दंड ठेवला, आणि २०१३ च्या हंगामात जाळ्यात एकही ससाणा मेला नाही. त्याच नोव्हेंबरात तीन ससाण्यांच्या पाठीवर यंत्रे बसवली, त्यांना नावे दिली नागा, वोखा आणि पांगती. पांगतीचे लोक काही श्रीमंत नव्हते. मासे आणि ससाणे विकून घर चालवणारे होते.

देशातल्या पाखरांचा २०२३ चा अहवाल सांगतो, की ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल तपासता आला, त्यातल्या २०४ घटल्या आहेत, आणि दुरून येणाऱ्या पाखरांची घट जास्त आहे. या अहवालासाठी नोंदी दिल्या त्या सामान्य पक्षीनिरीक्षकांनी, मोबाइलवरून. हरिसालला २०१६ मध्ये ‘डिजिटल गाव’ म्हणून मिरवले गेले. मग हरिसालच्या पोरांनी जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेत सिपनेच्या काठाची नोंद पाठवायला काय हरकत आहे? आश्रमशाळेच्या मास्तरांनी एक रविवार दिला तरी काम होते. नोंद नसेल, तर उद्या रेतीघाटाच्या कागदावर ‘या ठिकाणी पक्षी आढळत नाहीत’ असे लिहायला कोणाला वेळ लागणार नाही.

म्हणून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पुढील ठराव मांडावा, ही विनंती :

“आमच्या शिवारातील नदीपात्राचा जो पट्टा ग्रामसभा ठरवील, त्यातून रेती काढू दिली जाणार नाही आणि त्यासाठी कोणतीही शिफारस दिली जाणार नाही. गावतलावाचा गाळ काढताना एक काठ उतरता ठेवला जाईल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्या काठावर पंप बसवला जाणार नाही. नदीत, डोहात किंवा धान्यावर विष टाकणाऱ्यास ग्रामसभा ठरवील तो दंड होईल. हिवाळी पाखरांची नोंद जैवविविधता नोंदवहीत दरवर्षी केली जाईल.”

ठराव तोंडी मंजूर झाला म्हणून उठून जाऊ नका. ग्रामसेवकाकडून तो इतिवृत्तात लिहून घ्या, वाचून दाखवायला लावा, खाली सह्या-अंगठे करा आणि एक प्रत तहसील कार्यालयात देऊन पोच घ्या. रेतीघाटाचा कागद गावात येईल, तेव्हा ती पोच हातात असली पाहिजे.

आपला,
एक धारणीकर

(वाचून झाल्यावर हे पत्रक फेकू नये, शेजारच्या गावच्या माणसाला द्यावे.)