घरात सर्प पाळावा काय?

शाळेच्या वार्षिकात शिक्षकांनी लिहावयाचे विषय बहुधा ठरलेले असतात: शिस्त, वाचन, परीक्षेची तयारी, सुटीचा सदुपयोग. आम्हीही आजवर त्याच वाटेने चालत आलो. यंदा मात्र एक निराळाच विषय आपल्या पायांनी आमच्या वर्गात चालत आला. पायांनी म्हणणे चूकच होय, कारण त्यास पाय नसतात. तो एका विद्यार्थ्याच्या दप्तरातून आला.

आषाढातील गोष्ट. सहावीच्या वर्गात आमचा मराठीचा तास चालू असता मागील बाकांवर काही कुजबुज झाली. आम्ही जाऊन पाहिले, तो बिस्किटांची एक प्लास्टिकची बरणी, झाकणास दाभणाने पाडलेली भोके, आणि आत काळसर अंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा, हातभर लांबीचा एक साप वेटोळे करून पडलेला. मुलगा उसाच्या पट्ट्यातील एका वस्तीवरून येणारा, अभ्यासात मध्यम, परंतु पाखरे, किडे, साप यांच्या बाबतीत आम्हांसच चार गोष्टी शिकवील असा. “सर, कवड्या आहे. बिनविषारी. चार दिवसांपासून पाळलाय,” असे तो अभिमानाने म्हणाला. आम्ही भाषेचे शिक्षक. तथापि कवड्या हा पालींच्या शोधार्थ घरात शिरणारा निरुपद्रवी साप आहे, एवढे आम्हांस ठाऊक होते. आम्हीही मान डोलाविली, इतकेच नव्हे, तर बरणी पहिल्या बाकापर्यंत फिरू दिली. हे आम्ही येथे मुद्दाम नमूद करीत आहो.

तास संपल्यावर विज्ञान शिकविणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी ती बरणी उजेडात धरली व कोणास काही न बोलता ती टेबलाच्या मध्यभागी ठेविली. कवड्याचे पट्टे मानेपाशीच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. या सापाचे पट्टे मानेपासून बऱ्याच अंतरावर सुरू झाले होते, जोडीजोडीने होते आणि शेपटीकडे अधिक स्पष्ट होते. पाठीच्या मध्यावरील खवले इतरांहून मोठे व षट्कोनी होते. ती मण्यार होती.

मण्यारीविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण याच दोन गोष्टींनी त्या मुलाचा घात व्हावयाचा. मण्यार निशाचर आहे. दिवसा ती सुस्त असते, डिवचली तरी बहुधा डोके वेटोळ्यात लपवून पडून राहते. रात्री तिचा स्वभाव अगदी पालटतो. म्हणूनच चार दिवस दुपारी शाळेतून आल्यावर हाताळता येणारा साप त्या मुलास गरीब वाटला. दुसरी गोष्ट अशी की, तिच्या दंशाची जागा फारशी दुखत नाही व सुजतही नाही. झोपलेले माणूस पुष्कळदा जागेही होत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते आणि अखेरीस श्वासाचे स्नायू काम सोडतात. आमच्या ग्रामीण भागात “रात्री काहीतरी बाधलं” म्हणून ज्यांचे मरण सांगितले जाते, त्यांतील कित्येक मण्यारीचेच बळी असावेत, असा आमचा तर्क आहे.

बरणी रात्री कोठे ठेवीत होतास, असे विचारता मुलगा म्हणाला, “बाजेखाली, म्हणजे आईला दिसू नये.” त्याच बाजेशेजारी खाली गोधडीवर त्याची दोन वर्षांची बहीण निजत असे. तिने एकदा झाकण फिरवून पाहिले होते, हेही त्याने अगदी सहज सांगितले.

वनखात्यास कळविण्यात आले. ते लोक येऊन मण्यार घेऊन गेले. परंतु प्रकरण तेथे संपले नाही, कारण दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील शाळेत आले. आम्हांस वाटले, ते क्षमा मागावयास आले असतील. पण ते आमच्याशी वाद घालावयास आले होते, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. ते म्हणाले, “सर, आमच्या बापजाद्यांनी दिसला साप की ठेचला. मी पोराला धामण धरायला शिकवली, ती एवढ्यासाठी की त्याच्या मनातली भीती जावी आणि त्याने साप मारू नये. आता तुम्हीच त्याला भ्यायला शिकवणार का?”

त्या वेळी आम्हांस नीटसे उत्तर सुचले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे ते उशिरा सुचलेले उत्तर होय.

प्रथम त्यांच्या म्हणण्यातील खरे ते मान्य केले पाहिजे. धामण हा शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदार आहे. उसाच्या फडात व धान्याच्या कोठ्यांत उंदरांचा जो सुळसुळाट असतो, त्यास आळा घालणाऱ्यांत तिचा क्रम वरचा लागतो. विषारी साप आपल्याकडे मोजकेच. माणसाच्या जिवावर उठणारे मुख्य चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. बाकीचे बहुतेक बिचारे भयापोटी मारले जातात. अशा स्थितीत एखादा बाप मुलास “मारू नको” असे शिकवितो, हे आम्हांस भूषणावहच वाटते.

परंतु न मारणे आणि पाळणे यांत मोठे अंतर आहे. बापाने मुलास धामण धरावयास शिकविले, तेव्हा बापाच्या मनात ‘धामण’ हा शब्द होता. मुलाच्या हाताने मात्र ‘साप’ एवढेच घेतले. हाताला शब्दकोश नसतो. सहावीतील मुलास कवड्या व मण्यार यांतील भेद सांगता येतो, तरी प्रत्यक्ष प्रसंगी तो चुकला. आम्ही पंचेचाळीस वर्षांचे पदवीधर, आम्हीही चुकलो. मग दोन वर्षांच्या मुलीकडून कोणता विवेक अपेक्षावा? तिने घरात एवढेच पाहिले की, दादा हे लांबडे, गुळगुळीत खेळणे हातात घेतो आणि त्यास कोणी रागावत नाही. उद्या अंगणात, न्हाणीच्या मोरीपाशी, सरपणाच्या ढिगाशी तसेच खेळणे दिसले, तर ती हात पुढे करणार नाही काय? घरातील साप बिनविषारी असला, तरी तो लेकरास जो धडा देतो तो विषारी असतो, असे आमचे मत आहे.

या ठिकाणी कोणी बत्तीस शिराळ्याचे उदाहरण पुढे करील. सांगली जिल्ह्यातील या गावी नागपंचमीपूर्वी रानातून जिवंत नाग धरून आणावयाचे, मडक्यांत घालून कित्येक दिवस घरी ठेवावयाचे, सणाच्या दिवशी पूजा व मिरवणूक झाल्यावर पुन्हा रानात सोडावयाचे, अशी जुनी रीत होती. गोरक्षनाथांनी एका गृहिणीस मातीच्या नागाऐवजी जिवंत नाग पूजावयास दिला, अशी तिच्या मुळाशी आख्यायिका आहे. त्या घरांतही लहान मुले होतीच. आणि आपल्या गावी नाग डसत नाही, असे तेथील लोक अभिमानाने सांगत आले. आम्हांस त्यांच्या श्रद्धेचा उपहास करावयाचा नाही. पण त्या रीतीमागे पिढ्यान् पिढ्यांचे हस्तकौशल्य होते आणि वर्षातील ठराविक दिवसांची मर्यादा होती. बाजेखालच्या बरणीस यांपैकी काहीच नव्हते. शिवाय नागांचे त्यात हालच होत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारे हे प्रकरण २००२ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे गेले आणि न्यायालयाच्या आदेशांमुळे जिवंत नागांचे खेळ व मिरवणुका बंद झाल्या. २०२५ साली केंद्र सरकारने शैक्षणिक हेतूने मोजके नाग धरण्यास अनुमती दिली, ती खेळ व करमणुकीची मनाई कायम ठेवूनच. त्याच कायद्यान्वये नाग, घोणस, धामण, अजगर असे आपल्याकडील साप घरी बाळगणे हा गुन्हा आहे, हे बहुतेक पालकांस ठाऊक नसते. त्या गृहस्थांसही नव्हते.

सापास जिव्हाळा समजतो, हा दुसरा भ्रम. कुत्रे धन्याचा आवाज ओळखते. सापास बाहेरून दिसणारा कानच नाही, आणि गारुड्याच्या पुंगीवर तो डुलतो असे आपणांस वाटते ते पुंगीच्या हालचालीमुळे. दूध हे त्याचे अन्न नव्हे. दिवसेंदिवस तहानेला ठेवलेला साप जे द्रव पुढे येईल त्यात तोंड घालतो, आणि आपण त्यास भक्ती म्हणतो. बरणीतील साप ‘माणसाळला’ असे म्हणणारा त्याच्या सुस्तीस किंवा उपासमारीस प्रेमाचे नाव देतो.

आता संख्येची गोष्ट. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष माणसे दगावली, म्हणजे वर्षास सरासरी ५८ हजार, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. यांत चतुर्थांशाहून अधिक पंधरा वर्षांखालील मुले होती. मुलाचे अंग लहान. साप मात्र विष मोजून देत नाही. म्हणूनच प्रतिविषाची मात्राही मुलास कमी देऊन चालत नाही. मोठ्या माणसाइतक्याच कुप्या लागतात. ज्यांची लेकरे आमच्या वर्गात बसतात, त्यांनी या वाक्यावर क्षणभर थांबावे.

शहरांतून अलीकडे एक निराळाच शौक निघाला आहे. परदेशी जातीचे अजगर काचेच्या पेटीत ठेवावयाचे. आमचे एक माजी विद्यार्थी पुण्यास असतात, त्यांनी आम्हांस विचारले, “हा तर बिनविषारी, शिवाय येथील कायद्याचा नव्हे, मग हरकत काय?” कायद्याचे म्हणाल तर अशा कित्येक परदेशी जातींची नोंदणी करण्याचे नियम २०२४ साली निघाले आहेत. लहान जातीचा अजगर मुलास गिळील, असेही आम्ही म्हणणार नाही. परंतु मोठ्या जातींविषयी दोन गोष्टी घडलेल्या आहेत. अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतात २००९ साली घरच्या पाळीव अजगराने पेटीतून सुटून दोन वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. कॅनडातील कॅम्पबेल्टन येथे २०१३ साली असाच एक अजगर रात्री सुटला आणि निजलेली दोन भावंडे दगावली.  आणि अजगर कितीही लहान असो, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नामक जंतू असतात. ते हातांतून तोंडात जातात व तान्ह्या मुलांस कठीण जुलाब व ताप आणतात. अमेरिकेत १९७५ साली लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली ती याच कारणाने. पाच वर्षांखालील मूल घरात असल्यास सरपटणारा प्राणी ठेवू नये, असे तेथील आरोग्यखाते सांगते.

पंचतंत्रातील मुंगुसाची गोष्ट आम्ही दरवर्षी शिकवितो. घाईने निर्णय करू नये, असे तात्पर्य मुले धडाधड सांगतात. यंदा ती शिकविताना आम्हांस प्रथमच असे वाटले की, पाळण्यातील लेकरू एकटे टाकून आईबाप दोघेही बाहेर कसे गेले, हे कोणीच विचारीत नाही! तान्हे बाळ नागाच्या बिळाशी निर्भयपणे खेळेल, असे यशया संदेष्ट्याचे एक दर्शन आहे. पण ते येणाऱ्या युगाचे आहे, आणि त्या युगात लांडगाही कोकराशेजारी राहावयाचा आहे.

मग मुलाची भीती कशी घालवावी? आम्ही त्या गृहस्थांस आता असे सांगू: त्यास ओळखावयास शिकवा, धरावयास नव्हे. धामण बांधावरून जाताना दहा पावले दूर उभे राहून दाखवा. घरात साप निघाला तर स्वतः न धरता वनखात्याकडे नोंद असलेल्या सर्पमित्रास बोलवावे. रात्री बाहेर जाताना विजेरी घ्यावी, लेकरांस जमिनीवर न निजविता बाजेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून निजवावे, सरपण व शेणी भिंतीपासून दूर रचाव्या. दंश झालाच, तर मांत्रिकाकडे नेऊ नये, जखम कापू वा चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये. तो अवयव हलू न देता, १०८ क्रमांकाची गाडी बोलावून, सरळ सरकारी दवाखान्यात न्यावे. दंशाची खूण दिसत नाही म्हणून पहाटेची पोटदुखी व जड पापण्या यांकडे दुर्लक्ष करू नये.

येथे आमच्याही पदरचे माप टाकले पाहिजे. दोन वर्षांपूर्वी आमच्याच शाळेच्या स्नेहसंमेलनात एका पाहुण्यांनी धामण आणिली होती. ती एका मुलाच्या गळ्यात घालण्यात आली, त्याचे छायाचित्र निघाले, आणि टाळ्या वाजविणाऱ्यांत आम्ही पुढच्या रांगेत होतो. बरणीवाला मुलगा त्या दिवशी प्रेक्षकांत बसला होता. बापाने त्यास धामण शिकविली हे खरे. पण सापासाठी टाळ्या मिळतात, हे त्यास आम्ही शिकविले. यापुढे संमेलनात जिवंत साप आणू नये, असे आम्ही मुख्याध्यापकांस लेखी कळविले आहे.

मुलगा आता सातवीत आहे. त्याने कवड्या व मण्यार यांची दोन मोठी चित्रे काढून वर्गाच्या भिंतीवर लाविली आहेत. मण्यारीचे पट्टे त्याने मानेपासून मोजून चार बोटे दूर सुरू केले आहेत. बरणी अद्याप विज्ञानाच्या कपाटात आहे. आम्ही ती त्याच्या मातोश्रींस परत देऊ केली होती, परंतु त्यांनी ती घेतली नाही.