जुनं घर आणि ‘फार्महाऊस’ची हौस



हल्ली आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत बायकांच्या गप्पांत एक नवा विषय निघतो, ‘मॉडर्न फार्महाऊस’! मोबाईलवर चित्रं पाहायची: पांढऱ्याशुभ्र भिंती, उघड्या लाकडी फळ्या, खोल सिंक, रुळावर सरकणारं दार. मन अगदी हरखून जातं. मग नजर वळते सासरच्या जुन्या घराकडे. ऑईलपेंटच्या हिरव्या भिंती, काळवंडलेल्या तुळया... आणि वाटतं, हे सगळं काढून टाकावं एकदाचं!

थांबा हं. मिस्त्रीला बोलावण्याआधी ही तऱ्हा आली कुठून ते पाहू या. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या जुन्या घरांवरून ती घेतली आहे. टेक्सासमधल्या वेको गावच्या चिप आणि जोआना गेन्स या नवराबायकोचा ‘फिक्सर अप्पर’ हा कार्यक्रम २०१३ साली टीव्हीवर सुरू झाला आणि ही तऱ्हा लोकप्रिय झाली. पण मुळात त्यातली प्रत्येक गोष्ट गरजेतून आलेली. घरात नळ नव्हते, म्हणून बादलीने आणलेलं पाणी मावेल असं खोल सिंक. भांडी पटकन हाताशी यावीत, म्हणून उघड्या फळ्या.

आता आपलं घर पाहा. फडताळ, कोनाडे, शहाबादी फरशी, सागवानी दारं. हेही कष्टाच्या माणसांनी गरजेप्रमाणे बांधलेलंच घर, नाही का? नवीन आणण्याआधी, वरून चढवलेलं काय काढता येईल ते बघा. खर्चही पुष्कळ वाचतो.

भिंती

जुन्या माती-चुन्याच्या भिंती ओल शोषतात आणि बाहेर सोडतात. त्यांवर सिमेंटचा गिलावा किंवा ऑईलपेंट चढवला की ओल आत कोंडते आणि पोपडे धरतात. अशा भिंतीला चुन्याची सफेदीच मानवते. मात्र आधीचा ऑईलपेंट पुरता खरवडायला हवा, नाहीतर चुना धरत नाही. कळीचा चुना विरवून निदान एक दिवस भिजू द्यावा, फडक्यातून गाळावा, त्यात थोडं डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ घालावी. दोनतीन पातळ हात द्यावेत. चुना विरताना रटरट उकळतो, तेव्हा मुलांना दूर ठेवा आणि डोळे सांभाळा.

भिंतीवर फळ्या ठोकायचा मोह मात्र टाळा. आपल्या पावसाळ्यात ओलसर भिंतीवर लाकूड म्हणजे वाळवीला आमंत्रणच.

दारं आणि फरशी

सागवानी दारावरचा रंग काढला की खालचं लाकूड पाहून तुम्हीच थक्क व्हाल. पण एक जपा. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. म्हणून कोरडं घासू नका. पाणी मारून ओलं घासा, नाकतोंड झाका, निघालेला रंग गोळा करून टाका. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल, तर काम संपून सफाई होईपर्यंत त्यांना दुसरीकडे पाठवा. मग लाकडाला जवसाचं तेल लावा. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा, नाहीतर बाहेर पसरून वाळवा.

शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड. ॲसिडने ती खाल्ली जाते. नुसती घासून पॉलिश करून घ्या, निळसर काळी सुंदर दिसते.

स्वयंपाकघर

चित्रातल्या उघड्या फळ्यांना आपली फोडणी ठाऊक नाही, बरं का! चार दिवसांत भांड्यांवर तेलाचा चिकट थर बसतो. रोज वापरात येणारी ताटं-वाट्या तेवढी उघड्यावर, बाकीची फडताळात. फडताळाची दारं घासून नवी कडी लावली तरी शोभा येते. चिनी मातीचं सिंक जड असतं आणि त्यात पितळी पातेली आपटायची भीती. त्यापेक्षा स्टीलचं खोल सिंक बरं.

आणि मोकळं स्वयंपाकघर हवं म्हणून मधली भिंत पाडायची असेल, तर आधी इंजिनिअरला दाखवा. जुन्या घरात कुठली भिंत काय तोलून धरते, हे वरून कळत नाही.

सगळ्यात आधी

आता मनातलं बोलते. ज्या फडताळाला आपण ‘जुनाट’ म्हणतो, त्यावर सासूबाईंनी तीस-चाळीस वर्षं हात फिरवलेला असतो. त्या माहेरी किंवा यात्रेला गेल्या की उरकून टाकू, असा बेत अनेकजणी करतात. तसं करू नका. परत आल्यावर त्यांना आपलंच घर परकं वाटलं, तर सफेदी कितीही शुभ्र असली तरी घरात अबोला शिरतो. आधी विचारा, “आई, हे घर तुम्ही आलात तेव्हा कसं होतं?” पूर्वी भिंती चुन्याच्याच होत्या, हिरवा रंग नंतर कुणीतरी दिला, हे कदाचित त्याच सांगतील. माळ्यावरची दगडी, बरणी, पाट त्याच काढून देतील. त्यांना ‘नाही’ म्हणायचाही हक्क आहे, हे मात्र लक्षात ठेवा. एखादा कोनाडा त्यांना तसाच हवा असेल, तर राहू द्या. घर भावाभावांत सामाईक असेल, तर दीर-जावांनाही आधीच सांगा. पुढचे वाद टळतात.

सुरुवात एका भिंतीपासून करा. एक पावसाळा जाऊ द्या, भिंत कशी राहते ते पाहा, मग पुढचं ठरवा. जुन्या घराला घाई मानवत नाही.