नाक चोंदलंय? आधी पाणी उकळा

डिंडोली-उधन्याकडची आपली बरीच खानदेशी मंडळी लूमच्या खात्यात कामाला. दिवसभर धाग्यांची धूळ नाकात, त्यात सर्दी झाली की कपाळ आणि गाल ठणकतात. मग मेडिकलवरून अँटिबायोटिक! पण बहुतेक वेळा सायनसचा हा त्रास विषाणूंमुळे होतो, त्यावर ते औषध चालतच नाही.

त्यापेक्षा मिठाच्या पाण्याने नाक धुणं, म्हणजे आपली जलनेती, बरी. पाव लिटर पाण्यात अर्ध्या चहाच्या चमच्याहून थोडं कमी मीठ. पाणी मात्र थेट नळाचं नको. उकळून कोमट केलेलंच हवं. न उकळलेल्या पाण्यात एक अमीबा असू शकतो. तो पोटात गेला तर काही होत नाही, पण नाकावाटे मेंदूत पोचतो. असं क्वचितच घडतं, पण घडलं तर माणूस वाचणं कठीण. केरळात २०२४-२५ मध्ये अशा मेंदूज्वराचे रुग्ण सापडले.

वाफ मोठ्यांनी जरूर घ्यावी. लहान मुलाला मात्र उकळत्या पातेल्यासमोर बसवू नका, आजी रागावल्या तरी. पातेलं कलंडायला वेळ लागत नाही.

दहा दिवसांत उतार नाही, किंवा बरं वाटून पुन्हा बिघडलं, तर डॉक्टरांना दाखवा. डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसू लागले किंवा मान आखडली, तर रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठा.