हायब्रिड गाडीचा जमाखर्च

व्यापारी कुटुंबात मोटारगाडी ही आता केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. सकाळी दुकान वा गोदाम, दुपारी बँक, सायंकाळी मुलांची शिकवणी आणि महिन्यातून एकदोनदा परगावची वसुली, असा तिचा दिनक्रम असतो. अशा घरांत जुनी गाडी बदलण्याची वेळ आली, की हायब्रिड घ्यावी काय, हा प्रश्न हल्ली हमखास निघतो. पेट्रोल वाचते, हे खरेच. परंतु ते कोठे वाचते आणि त्यासाठी आधी किती भांडवल अडकते, हा हिशेब मात्र बहुधा अर्धवटच मांडला जातो.

टोयोटा कंपनीने डिसेंबर १९९७ मध्ये जपानात ‘प्रियस’ विक्रीस आणली, तेव्हापासून ही पद्धत सर्वसामान्य ग्राहकापर्यंत पोहोचू लागली. भारतात २०२२ मध्ये होंडा सिटी, मारुती ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडर यांच्या हायब्रिड आवृत्त्या आल्या व हा पर्याय मध्यम आकाराच्या गाड्यांत उपलब्ध झाला. या गाड्यांत पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर एकत्र नांदतात. गाडी चार्जिंगला लावावी लागत नाही, म्हणून वीज फुकट मिळते, असा एक गोड गैरसमज आहे. वस्तुतः सारी ऊर्जा पेट्रोलमधूनच येते. ब्रेक लावताना उष्णतेच्या रूपाने जी ऊर्जा वाया जाते, तिचा काही भाग ही मोटर परत मिळवून बॅटरीत साठवते, आणि मंद गतीत इंजिन बंद ठेवून तीच वीज वापरते. बचतीचे मूळ येथे आहे.

म्हणूनच पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर किंवा मुंबईतील मशीद बंदरच्या गर्दीत ही गाडी आपले मोल दाखवते. सिग्नलला इंजिन थांबते, तरी वातानुकूलन चालू राहते. याउलट द्रुतगती मार्गावर एकसारख्या वेगाने जाताना ब्रेक क्वचितच लागतो. तेथे लाभ बराच कमी होतो. बोरघाटासारख्या लांब उतारावर लहान बॅटरी लवकरच भरते आणि पुढची ऊर्जा साठवायला जागाच उरत नाही.

खरेदीपूर्वी आणखी एक भेद ध्यानी घ्यावा. ‘माइल्ड हायब्रिड’ गाडीतील मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते. एकट्या विजेवर गाडी चालवण्याचे बळ तिच्यात नसते. ते सामर्थ्य ‘स्ट्राँग हायब्रिड’मध्ये असते. दोहोंच्या किमतीत व बचतीत मोठे अंतर असल्याने केवळ ‘हायब्रिड’ या शब्दावर व्यवहार ठरवू नये.

आता आकड्यांकडे वळू या. समजा, साधी पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर आणि स्ट्राँग हायब्रिड २२ किलोमीटर धावते. पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे आणि हायब्रिडसाठी अडीच लाख रुपये अधिक मोजावे लागतात. वर्षाला १५,००० किलोमीटर धाव असेल, तर सुमारे ३१८ लिटर, म्हणजे अंदाजे ३३,००० रुपये वाचतील. वरवर पाहता साडेसात वर्षांत रक्कम वसूल होते. परंतु व्यापारी मनुष्य भांडवलावरचे व्याज विसरत नाही. साधे सात टक्के धरले, तरी अडीच लाखांवर वर्षाला १७,५०० रुपये होतात. ते वजा केल्यास वसुलीला पंधरा वर्षांहून अधिक काळ लागेल. हीच धाव ३०,००० किलोमीटर असेल, तर व्याज वजा करूनही सुमारे पाच वर्षांत रक्कम परत येते. एकाच गाडीने एका घराचा लाभ होतो आणि दुसऱ्या घराचे भांडवल अडकते, ते या धावेमुळे.

दैनंदिन वापरातही काही पथ्ये पाळावी लागतात. गाडी घाईने पळवून अखेरच्या क्षणी करकचून ब्रेक लावणाऱ्याच्या हाती बचत फारशी लागत नाही. समोरचा सिग्नल दुरून पाहून हळूहळू वेग कमी करणाऱ्याला ती मिळते. कित्येक गाड्यांत मोठ्या बॅटरीला हवा देणारी जाळी मागच्या आसनाजवळ असते. तेथे नमुन्यांच्या पिशव्या ठेवून ती झाकू नये. गाडी कित्येक आठवडे उभी राहिली, तर १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरते आणि गाडी सुरू होत नाही. विजेवर चालताना आवाज जवळजवळ नसतो, म्हणून सोसायटीच्या आवारात मुले व वृद्ध यांच्याविषयी विशेष सावधगिरी हवी. मोठ्या बॅटरीविषयी भीती बाळगण्याचे कारण नाही. टोयोटा तिच्यासाठी ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल तोवर हमी देते. मात्र जुनी गाडी घेताना यातील किती काळ उरला, हे कागदपत्रांत तपासावे.

नवी गाडी ठरवण्यापूर्वी सध्याच्या गाडीची तीन महिन्यांची धाव रोज वहीत टिपून ठेवावी: शहरात किती, महामार्गावर किती. दुकानातील मालाचा हिशेब जितक्या काटेकोरपणे ठेवला जातो, तितक्याच काटेकोरपणे ही नोंद झाली, तर विक्रेत्याच्या दालनात शिरण्यापूर्वीच कुटुंबाला आपले उत्तर ठाऊक असेल.